फळ्यावरची शेवटची ओळ

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाच्या ओसरीत एक लाकडी फळा होता. ऑगस्ट सरत आला की गुरुजी जुन्या सेलमधली काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवून तो नव्याने काळा करीत आणि लिहित्या मुलांच्या मंडळाचे अख्खे वर्ष त्यावर मांडून ठेवीत. सात सप्टेंबरला बी. रघुनाथांच्या कवितांचे वाचन, सतराला मुलाखतीची स्पर्धा, दिवाळीच्या सुट्टीत हस्तलिखित, येळवशीला शेतातले पान आणि माघ लागता लागता वार्षिक मेळावा. सगळ्यात खाली एक ओळ कायम असे, ‘नवीन आलेल्यांनी आपले नाव येथे लिहावे’, आणि तिच्यापुढे हातभर जागा कोरी सोडलेली असे. खडू सुतळीने खिळ्याला बांधलेला होता.

मी १९९० साली पाचवीत असताना त्या जागेत माझे नाव लिहिले. नाव तिरके गेले, पण गुरुजींनी ते वर्षभर पुसले नाही.

पहिली बैठक बी. रघुनाथांच्या स्मृतिदिनी भरत असे. परभणीच्या या कवीला जेमतेम चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी तो गेला. शहरातल्या कवींची नावे पाठ्यपुस्तकातून कळतात, आपल्या अंगणातला कवी मात्र आपणच सांगावा लागतो, असे गुरुजींचे म्हणणे होते, म्हणून त्यांनी वर्षाचा आरंभ त्याच्या नावाने ठेवला होता. आम्हांला त्या वयात सगळे समजत नसे. तरीही परभणीसारख्या गावात कचेरीची नोकरी करणारा माणूस असे लिहून गेला, ही गोष्ट मनात खोल उतरली.

त्यानंतर दहाच दिवसांनी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येई. भाषणाच्या स्पर्धा शाळेत होतच, म्हणून मंडळाने वेगळी वाट धरली होती. प्रत्येकाने गावातल्या एका वयस्क माणसाकडे जाऊन निजामाच्या काळाविषयी विचारायचे आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून आणायचे. माझ्या वाट्याला शेजारचे आजोबा आले. त्यांचे शिक्षण उर्दूतून झालेले, हिशेब मोडीत लिहिण्याची सवय, आणि मराठी पुस्तके त्यांनी १९४८ नंतर, बाप्या माणूस झाल्यावर, मनमोकळेपणाने वाचली. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हे शब्द मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकले. निजाम सरकारच्या त्या हुकुमामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. त्या वर्षीच्या मेळाव्याला ते काठी टेकत आले आणि आत येण्याआधी बराच वेळ फळ्यापुढे उभे राहिले. चार लेकरांनी जमून कविता वाचायच्या आणि त्याची जाहीर सूचना भिंतीवर लावायची, यात त्यांना काय दिसत होते, ते मला पुष्कळ उशिरा उमगले.

दिवाळीच्या सुट्टीतले हस्तलिखित हा आमच्या मंडळाचा खरा सण होता. बक्षिसाचे लेख, न मिळालेल्यांचे लेख, सगळे त्यात जात. निवडलेल्या तिघा-चौघांनी सुवाच्य अक्षरात फुलस्केप कागदावर मजकूर उतरवायचा. चूक झाली तर खाडाखोड चालत नसे, अख्खे पान पुन्हा लिहावे लागे. खळ शिजवण्याचे काम ग्रंथालयाच्या मागच्या चुलीवर होई, आणि किडे लागू नयेत म्हणून त्या मैद्याच्या खळीत गुरुजी चिमूटभर मोरचूद टाकीत. दाभणाने भोके पाडून दुहेरी दोऱ्याने पाने शिवली, पुठ्ठा चढवला आणि वर वजनाला पाटा ठेवला, की रात्रभर कोणालाही त्याला हात लावू देत नसत. एकच प्रत निघे. ती घरी नेता येत नसल्यामुळे आमच्या आया संध्याकाळी ग्रंथालयात येऊन ती चाळीत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना आम्ही वाचून दाखवत असू. ‘किशोर’ मासिकात कविता छापून यावी असे प्रत्येकाला वाटे, पण पहिला वाचक आम्हांला ग्रंथालयाच्या पायरीवरच मिळाला.

मग येळवस. आमच्याकडच्या या सणाची गोडी लातूर-धाराशिवबाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खे गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा होते, आणि मग भज्जी, उंडे, आंबील यांवर ज्याच्या-त्याच्या शेतात पंगती बसतात, कोणाला आमंत्रणाची गरज पडत नाही. त्या दिवशी शेतातच बसून एक पान लिहायचे, घरी येऊन नव्हे, असा मंडळाचा नियम होता. त्यामुळे पानांना आंबिलीचे डाग पडलेले असत आणि गुरुजी ते डाग आनंदाने मिरवीत.

वार्षिक मेळाव्याला परीक्षक म्हणून एक वयोवृद्ध कवी दरवर्षी एसटीने येत. ते गुण देण्याआधी लिहिणाऱ्याला जवळ बोलावून घेत आणि हातातल्या पेन्सिलीने एखाद्या शब्दाखाली हलकी रेघ ओढीत. माझ्या मैत्रिणीने पेरणीवर लिहिले होते. “शेतकरी पेरणी करीत होता” या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली आणि विचारले, “बाळ, तुमच्या शेतात चाड्यावर मूठ कोण धरतं?”

“आई.”

“मग इथं शेतकरी कुठून आला? आई लिही. आणि तिफणीला तिफणच म्हण, अवजार म्हणू नकोस.”

तिने तिथेच मांडीवर पाटी ठेवून वाक्य बदलले, आणि व्यासपीठावरून ते वाचताना मागे स्त्रियांच्या घोळक्यात बसलेल्या तिच्या आईने पदर तोंडाशी नेला. मेळाव्यात शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण, आभार हे सगळे होतच असे आणि त्याचे फारसे काही आठवत नाही. रात्री हुरड्याच्या आगटीभोवती बसून जे वाचन होई, ते मात्र पानापानासह लक्षात आहे.

१९९३ साली फळा नेहमीप्रमाणे लिहून झाला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडामातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसे झोपेतच दगावली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. आमच्या गावात घरे तडकली, माणसे वाचली. पण कित्येक आठवडे आम्ही अंगणात झोपत होतो, आणि दिवाळीत हस्तलिखिताचे नाव कोणी काढले नाही. शाळा पुन्हा भरली तेव्हा आमच्या वर्गात एक मुलगा आला, मामाकडे राहायला आलेला. तो कोणाशी बोलत नसे. एका संध्याकाळी फळ्यावरच्या शेवटच्या ओळीपुढे त्याचे नाव दिसले. कोणी सांगितले नव्हते, त्याने आपणहून खडू घेतला होता.

त्या वर्षीच्या मेळाव्यात स्पर्धा ठेवायची नाही, असे परीक्षकांनीच पत्राने कळवले. ज्याला वाचायचे त्याने वाचावे, एवढेच ठरले. त्या मुलाने वाचलेल्या पानात उपमा नव्हती की वर्णन नव्हते. त्याने आपल्या गल्लीतली घरे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने लिहून आणली होती, कोणाचे घर, दारात कडुनिंब की शेवगा, कोणाकडे म्हैस, कोणाच्या ओट्यावर मुले खेळायला जमत. गल्ली संपली तिथे पान संपले. टाळी कोणी वाजवली नाही. परीक्षक उठून त्याच्याजवळ गेले, त्यांनी ते पान हातात घेतले, पुन्हा एकदा वाचले आणि पेन्सिल न लावता परत दिले. हस्तलिखित त्या वर्षी उशिरा, उन्हाळ्यात शिवले गेले, आणि ते पान पहिले लावले.

१९९५ साली परभणीला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि नारायण सुर्वे अध्यक्ष झाले, ही बातमी गुरुजींनी फळ्यावर रंगीत खडूने लिहिली होती. पुढे मी शिक्षणासाठी गाव सोडले. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावे संमेलन उदगीरला, आमच्याच जिल्ह्यात झाले, तेव्हा उन्हाच्या तडाख्यात ग्रंथप्रदर्शनाच्या मांडवात जुने सातआठजण एकमेकांना भेटलो. गल्लीचे पान लिहिणारा मुलगाही होता, आता त्याच्यासोबत त्याची मुलगी होती आणि तिच्या हातात तीन नवी पुस्तके होती.

गुरुजी आता नाहीत. ज्या मैत्रिणीने शेतकरी खोडून आई लिहिले, ती गावातच शिक्षिका आहे आणि फळा तीच लिहिते. मेळावा आता मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला होतो. गेल्या येळवशीला मी गेले होते, तेव्हा शेतातून परतताना आम्ही ग्रंथालयात डोकावलो. तिने खिळ्याला बांधलेला खडू चाचपून पाहिला, तो अगदी झिजला होता. तिने पर्समधून नवा काढला, सुतळीची गाठ सोडून तो बांधला, आणि शेवटच्या ओळीपुढची धूळ पदराने पुसून घेतली.