चढतेस का?

मंगळवार, रात्री

आखाड तळून झाला. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शिवाय जाऊबाईंकडून आलेल्या कडाकण्या. दुपारी आमच्या चालणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी फर्मान काढलं, 'ज्यांनी तळणीचं खाल्लं त्यांनी आज पर्वतीला दोन फेऱ्या जादा.' खाली अंगठ्यांची रांग. मी काही लिहिलं नाही, पण डोकं तापलं. पुरी खाल्ली ती आवडते म्हणून. पर्वती चढते तीही आवडते म्हणून. एकीची भरपाई दुसरीने करायची, हे कुणी ठरवलं? दिवसभर ऑफिसात नावे आणि जमाच बघते. संध्याकाळी पायऱ्यांवर तरी खातेवही नको.

गेले मात्र. भुरभुर पाऊस होता, त्यामुळे गर्दी कमी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या अशा रुंद आहेत की एका पायरीला एक पाऊल पुरत नाही आणि दोन जास्त होतात. म्हणून प्रत्येकाची चढायची चाल वेगळी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली वर देऊळ उभारलं, तेव्हा पुढे इथे देवापेक्षा पोटऱ्यांसाठी येणारे जास्त असतील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

निम्म्यात मनगटावर घड्याळ थरथरलं. लेकीने वाढदिवसाला दिलेलं. पडदा लाल, नाडी फार वाढली, हळू व्हा. मी तर मजेत होते, श्वास लागला होता पण तो हवाच होता. या घड्याळाचं गणित सोपं आहे. २२०मधून वय वजा करायचं, म्हणजे माझी कमाल नाडी १६८. हे सूत्र १९७१च्या एका लेखातून रूढ झालं, आणि ते तरी काय, आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एका कागदावर मांडून त्यांतून ओढलेली ढोबळ रेघ. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. ह्यांची तर उलटीच तऱ्हा. बीपीची गोळी बीटा ब्लॉकर, त्यामुळे नाडी फारशी चढतच नाही. हे घामाघूम झालेले असतात आणि ह्यांचं घड्याळ म्हणतं, तुम्ही आरामात फिरताय!

त्यापेक्षा मला बोर्गची पट्टी पटते. गुन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात त्यांनी सरळ माणसालाच विचारायला सुरुवात केली, किती जड जातंय? उत्तर ६ ते २० मधला एक आकडा. ६ म्हणजे कसलेच श्रम नाहीत, १३ म्हणजे जरा जड, १७ म्हणजे फारच जड, २० म्हणजे यापुढे शक्य नाही. सहापासून सुरुवात चमत्कारिक वाटते, पण सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी माणसाच्या नाडीच्या जवळपास पोचतो, अशी ती बेतलेली आहे. म्हणजे आतून जे कळतं ते बऱ्यापैकी खरं असतं. आपल्याला न विचारता आपल्याबद्दल सांगणारी यंत्रं वाढत चालली आहेत, त्यात हा माणूस विचारतो हे मला फार सभ्यपणाचं वाटतं.

माझी आणखी एक घरगुती कसोटी आहे. चढताना सतराचा पाढा म्हणायचा. एका दमात 'सतरा चोक अडुसष्ट'पर्यंत पोचले तर चाल बेताची. 'सतरा दुणे'लाच श्वास घ्यावा लागला तर जोर जास्त होतोय. आणि दहापर्यंत सगळा पाढा एका दमात झाला तर बाईसाहेब, तुम्ही फिरायला आला आहात, व्यायामाला नाही. आज एकावन्नला अडकले. घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि वर गेले.

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई आठवल्या. उशीर झाला की मैदानाला फेऱ्या, ही शिक्षा तेव्हा सगळीकडे होती. पळणं म्हणजे शिक्षा, हे पोरींच्या डोक्यात तिथेच पक्कं बसायचं. या बाई मात्र तसं करत नसत. तुमची शेवटची फेरी संपत आली की शेजारून चालायला लागायच्या आणि हळूच म्हणायच्या, "अजून एक होईल असं मला वाटतंय. मारतेस का?" 'नाही' म्हटलं तर "बरं" म्हणून पुढच्या मुलीकडे. वहीत काही लिहायच्या नाहीत, तोंड वाकडं करायच्या नाहीत. नकार चालत होता, म्हणूनच 'हो' म्हणताना आपण काहीतरी देतोय असं वाटायचं. आणि बाईंनी सोपं कधी विचारलं नाही. जे जेमतेम जमेल तेच विचारायच्या. ज्या मुलीकडून काही होणार नाही असं वाटतं तिला कोण कशाला विचारेल?

हल्ली मी स्वतःशी त्यांच्या आवाजात बोलते. 'चढ' नाही म्हणत. 'चढतेस का?' म्हणते. फरक एवढाच, पण पायांना कळतो. दरडावलं की ते कारणं शोधतात. विचारलं की आधी विचार करतात.

गुरुवार

मांड्या भरून आल्यात. खुर्चीत बसताना 'आई गं' निघालं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, लॅक्टिक अ‍ॅसिड." जिमला जातो, त्यामुळे सगळं माहीत असतं. ते बिचारं अ‍ॅसिड तासा-दीड तासात निवळतं, परवाच्या पायऱ्यांचं आज दुखण्याशी त्याचा संबंध नाही. दुखतं ते चढण्यापेक्षा उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत पेलत लांबतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतो. पुढच्या वेळी त्याच उताराने एवढं दुखत नाही, स्नायू धडा घेतात.

हे दुखणं मला गोड वाटतं, खोटं कशाला बोलू. गुडघ्यात सुई टोचल्यासारखं झालं तर ते वेगळं, तिथे थांबायचं. छातीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, तर 'चढतेस का' वगैरे काही नाही. खाली बसायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आज पायांना सुट्टी. वरणभात, दही, झोप.

शनिवार

श्रावण तोंडावर आला, तशा मंगळागौरीच्या तालमी सुरू झाल्या. सहकारनगरात एका वहिनींच्या गच्चीवर पत्र्याखाली जमतो आम्ही. चाळिशीपासून पासष्टीपर्यंतच्या बायका, पदर खोचलेले, केस वर बांधलेले. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, गाठोडं. आणि फुगड्या तर किती प्रकारच्या.

फुगडीला जोडीदारीण भरवशाची लागते. मागे झुकल्याशिवाय वेग येत नाही, आणि समोरचीने हात सोडणार नाही हे ठाऊक असल्याशिवाय मागे झुकता येत नाही. आज माझ्यासमोर ज्या होत्या त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी जपून फिरत होते, तर त्या म्हणाल्या, "अगं, मला जपू नकोस, तू झूक." झुकले. गच्ची, पत्रा, पाण्याची टाकी, सगळं फेर धरून फिरायला लागलं. थांबलो तेव्हा दोघींना बोलवेना, आणि हसू आवरेना. बोर्गच्या पट्टीवर नक्की सतरा असणार. पण फिरताना तो आकडा जाणवलाच नाही, खाली बसल्यावर छातीतली धडधड ऐकून कळलं.

चहा पिताना एकीने विचारलं, "हे व्यायामात धरायचं का गं? एका वेळी मिनिट-दोन मिनिटंच तर होतं." धरायचं! जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय. पूर्वी त्यात अट होती की एका वेळी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत. २०२०मध्ये ती अट काढून टाकली. तेव्हा फुगडी बसते, बससाठी पळणंही बसतं. थोडा वेळ जोरात, मग दम खायचा, मग पुन्हा जोरात, हे जिममध्ये पैसे भरून करतात. आमच्या आज्या ते मंगळागौरीच्या रात्री जागून करत होत्या, दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात असायचा हा भाग वेगळा.

एक गोष्ट लक्षात आली. तासभर आम्ही सगळ्या घामाने निथळत होतो, पण वजनाचा विषय एकदाही निघाला नाही. चहाबरोबर बिस्किटं आली, तेव्हा मात्र दोघी-तिघींनी "मला नको बाई" सुरू केलं. मी चार घेतली.

रविवार, संध्याकाळ

सिंहगड.

आतकरवाडीतून, पायवाटेने. गड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंच, त्यातली सहाशेच्या आसपास चढाई पायी. पुण्यातली कितीतरी माणसं दर रविवारी पहाटे हे करतात आणि नऊला घरी येऊन पोहे खातात, त्यांना याचं काही वाटत नाही. मला वाटत होतं. न बसता वर पोचायचं असं ठरवलं होतं. उभं राहून दम खायला हरकत नाही, टेकायचं नाही. हा नियम माझा, म्हणून तो मोडायचा अधिकारही माझाच.

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, म्हणजे गटारीची गर्दी. पोरांचे घोळके, स्पीकर, निसरडा चिखल. पहिला टप्पा जरा रागातच चढले. मग झाडी दाट झाली, ढग इतके खाली उतरले की दहा पावलांपुढचा माणूस दिसेना, स्पीकरही मागे राहिला. माझे मलाच श्वास ऐकू यायला लागले. पाढा म्हणून पाहिला, चौतीस.

मधल्या एका वळणावर ताकवाल्या मावशींचं छप्पर आहे. बाकडं रिकामं होतं. हीच ती जागा, इथे सगळे बसतात. मी उभी राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. ग्रुपमधले ते फर्मानवाले काका तिथेच बसले होते. "बसा हो, कोण बघतंय?" म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. मी स्वतःला विचारलं, अगदी प्रामाणिकपणे, 'नाही' ऐकायची तयारी ठेवून. बसायचंय का? आणि आतून आलं, नाही, जाऊ या. मलाच नवल वाटलं. उभ्यानेच ताक प्यायले. मावशी म्हणाल्या, "दम हाय की तुमच्यात." मैदानाला फेरी मारलेली पोर झाले मी क्षणभर.

शेवटचा चढ कसा गेला ते नीट आठवत नाही. पावलांपुढचा एक दगड, मग पुढचा दगड. एका ठिकाणी बोर्गच्या अठराच्या आसपास गेले असेन, तिथे मुद्दाम हळू झाले. एक पोरगेलासा मुलगा मला ओलांडताना "भारी, काकू" म्हणाला. ओलांडल्याचं काही वाटलं नाही, 'काकू'चं किंचित वाटलं. मग ढगातून पुणे दरवाजा पुढ्यात आला, ओला, काळा. मी त्याच्या दगडाला हात लावला आणि मोठ्याने हसले. शेजारी सेल्फी काढणाऱ्यांनी वळून पाहिलं.

वर पिठलं-भाकरी, खेकडा भजी, मडक्यातलं दही. शेजारच्या चटईवर एक तरुण मोबाईलवर हिशोब करत होता. एवढ्या भजीला अमुक कॅलरी, म्हणजे चढताना जळलेल्या सगळ्या परत आल्या. त्याच्याबरोबरच्या मुलीने हातातली भजी खाली ठेवली. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळा, खा गं. गड चढून आलीस तू." त्या मुलाला आवडलं नसावं. तिने मात्र खाल्ली, मिरचीसकट.

उतरायच्या वेळी पुन्हा विचारलं. उतरतेस का? वाट चिखलाने साबणासारखी झालेली, उजवा गुडघा सकाळपासून बारीक कुरकुरत होता. उत्तर लगेच आलं. नाही. जीपच्या रांगेत उभी राहिले. काका म्हणाले, "म्हणजे अर्धाच ट्रेक झाला की तुमचा!" त्यांच्या ग्रुपवरच्या तक्त्यात चढ-उतार दोन्ही धरतात, वेळेसकट. मी म्हटलं, "काका, माझं नाव तक्त्यात घालूच नका." ते हसले आणि काठी टेकत वाटेला लागले. उतरतात छान, अगदी हलक्या पावलांनी. कौतुकाने बघत राहिले. जीपमध्ये दहाजण कोंबले होते. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईंची कणसांची पिशवी. खाली येईपर्यंत त्यांनी मला पावट्याच्या आमटीची रीत सांगितली.

घरी आल्यावर लेकीचा फोन. "आई, घड्याळात आज काहीच दिसत नाहीये, गेली नाहीस का?" घड्याळ चार्जरवरच राहिलं होतं. तिला सगळं सांगितलं, अठराच्या दगडापासून मावशींच्या ताकापर्यंत. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येते तेव्हा मीही येईन, पण मला तुझ्याबरोबर दमायला होईल. म्हटलं, दमलीस की बस, ताक मी पाजेन.

उद्या ऑफिसात लिफ्ट. चौथा मजला असला तरी लिफ्टच. मंगळवारी मांड्या काय म्हणतात ते बघून पर्वतीचं ठरवू, आणि शनिवारी गाठोड्याची तालीम आहे, त्यासाठी पाठ जरा मोकळी करायला हवी. कडाकण्या अजून डब्यात आहेत.