रक्त सुरू झालं, तरी पाय का कापला?

"गुठळी निघाली, रक्त सुरू झालं, असं तुम्हीच सांगितलंत. मग दोन दिवसांनी पाय का कापला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय, आणि त्या प्रश्नामागचा संशय मला ऐकू येतो म्हणूनही. बोलतोय ते धमनीत गुठळी अडकून अचानक गार पडलेल्या पायाबद्दलच. मधुमेहाच्या जखमेचं गणित निराळं.

गुठळी काढणं त्यातल्या त्यात सोपं. निदान होताच हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, किलोमागे साधारण ८० युनिट्स. जांघेत चीर देऊन धमनी उघडायची, थॉमस फोगार्टी यांनी १९६३ साली मांडलेला फुग्याचा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, गुठळीपलीकडे न्यायचा, फुगा फुगवून हलकेच ओढायचा. मांडीत ४ नंबरचा, पोटरीत २ किंवा ३. फुगा जास्त फुगला तर धमनीचं अस्तर सोलवटतं आणि तिथेच नवी गुठळी धरते. खालून रक्त उलटं आलं तरी भुलायचं नाही, ते बाजूच्या फांदीतूनही येतं. टेबलावरच अँजिओग्राम, म्हणजे रंगद्रव्य सोडून धमनीचा एक्स-रे, करायचा.

मग धमनीला लावलेला चिमटा, क्लॅम्प, सुटतो. पाय ऊबदार होतो, रंग परततो, बाहेर तुम्हाला 'झालं' म्हणून कळवलं जातं. खरा धोका सुरू होतो तो इथे. रक्ताविना उपाशी राहिलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम, आम्ल, मायोग्लोबिन (स्नायूंतलं प्रथिन) आता परतीच्या रक्तातून हृदयाकडे निघतं. मॉनिटरवर ईसीजीतल्या टी लाटा टोकदार झाल्या, म्हणजे पोटॅशियम वाढलं, की १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, पाठोपाठ इन्सुलिन आणि ग्लुकोज. लघवी काळ्या चहासारखी होते. पोटरी सुजायला लागते, पण तिचे ४ कप्पे न ताणणाऱ्या आवरणात बांधलेले. आतला दाब वाढून डायस्टोलिक (खालच्या) रक्तदाबापासून पाऱ्याच्या ३० मिमीच्या आत आला की केशवाहिन्या दबतात. घोट्याशी नाडी लागत असतानाच स्नायू मरत असतो! म्हणून फॅशिओटॉमी: पोटरीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटरचे चिरे, चारही कप्पे मोकळे. उघड्या स्नायूला डायथर्मीचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शस्त्राचं, टोक लावायचं. आक्रसला, कापल्यावर रक्त आलं, तर जिवंत. करडा आणि निपचित असेल तर मेलेला. तसा ठेवला तर जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडं जातात; म्हणून पाय कापावा लागतो.

तुम्हाला दिसते ती कातडी. मज्जातंतू आणि स्नायू ४ ते ६ तासांत हरतात, कातडी त्याहून खूप जास्त तग धरते. गुलाबी पाय आतून मेलेला असू शकतो, तो असा.

'सहा तास' ही मुदत मी पूर्वी ठामपणे सांगायचो. लवकर या, हे सांगायला ती अजूनही बरोबर आहे. पण जुनं ब्लॉकेज असलेल्या पायात पर्यायी वाटा तयार असतात, तो जास्त टिकतो. निरोगी धमनीत हृदयातून गुठळी येऊन अडकली तर तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून आता घड्याळाआधी मी बोटं हलतात का, स्पर्श कळतो का ते बघतो, डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रावर, शिरेचा आवाज ऐकतो. तिन्ही गेलं आणि पोटरी ताठरली असेल, तर रक्त सुरू करणंच जिवावर बेतू शकतं.

मग चिरे सगळ्यांनाच आधी का देत नाही? त्या जखमा चिघळतात, रक्तस्राव होतो, कातडी लावावी लागते. सहा तासांपुढच्या पायाला मी ते देतो. चार तासांच्या पायाला थांबतो. दर तासाला पोटरी चाचपतो, पायाचा अंगठा ताणल्यावर दुखतं का विचारतो. त्या थांबण्यात चूक होऊ शकते. तुमच्या संशयाला तेवढी जागा आहे.