कूलर की श्रावणातलं चिकन?

दादाची चप्पल पायातून गळून पडली आणि त्याला पत्ताच नाही. ३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. नागपुरातल्या महाल भागातल्या त्याच्या छपाईच्या दुकानातून आम्ही दोघं चहाला निघालो होतो. टपरीवर पोचलो तर डावा पाय अनवाणी. वळून पाहिलं, चप्पल वीसेक पावलं मागे रस्त्यात पडलेली. "मले तं काई समजलंच नाई," म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

शनिवारी एका डॉक्टरने अशक्तपणा म्हणून बी-१२चं इंजेक्शन टोचलं. त्यावर इथे बोलत नाही, नाहीतर सगळी पोस्ट त्यातच जाईल. रविवारी सकाळी दादाला संडासात बसलेलं उठता येईना. मी आणि शेजारच्या पोराने काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. दुपारी धंतोलीत न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी रबरी हातोडी गुडघ्यावर मारली. पाय ढिम्म. दुसरा गुडघा, टाचेच्या मागे, कोपर. कुठेच काही नाही. मॅडम म्हणाल्या, "जीबीएस वाटतोय. गुलेन बॅरी."

शरीरातलं संरक्षक सैन्य स्वतःच्याच नसांवर उलटतं तो हा आजार. सुरुवात बहुतेक पायांपासून, मग वर सरकत जातो. वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. नाव फ्रेंच आहे: १९१६ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. शंभर वर्षांनंतर दादाच्या पाण्यातही तेच निघालं. स्त्रोलचं नाव आजाराच्या नावातून गळालं, याचं मला उगाच वाईट वाटत राहतं. रिपोर्ट तिघांचा आणि पाटी दोघांची.

त्या आठवड्यात आमचं सगळं लक्ष एका आकड्यावर. मॅडमनी दादाला सांगितलं होतं, खोल श्वास घ्या आणि एका श्वासात जमेल तितके आकडे मोजा. छातीचे स्नायू थकायला लागले की ते असं कळतं. रविवारी तो २८ पर्यंत गेला. सोमवारी रात्री १७. मंगळवारी सकाळी १४ वर थांबला आणि त्याला आयसीयूत हलवलं. इम्युनोग्लोब्युलिन सोमवारपासून सुरू होतं. किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून; ७० किलोच्या माणसाला १४० ग्रॅम. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेल्या या अँटिबॉडीज. कोणाकोणाच्या असतील देव जाणे, पण दादाच्या पिसाळलेल्या अँटिबॉडीजना आवरायला त्या आल्या होत्या.

तो मंगळवार म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. कपडे आणायला घरी निघालो आणि मारबतीच्या, म्हणजे गावातली पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत अडकलो. ढोल, गुलाल, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी: "रोगराई घेऊन जा गे मारबत!" लहानपणापासून ओरडत आलोय मी हे. त्या दिवशी तोंड उघडवेना.

बुधवारी आकडा १४ वरच राहिला. गुरुवारी १६. व्हेंटिलेटर लागला नाही. आणि मग, जीव जरा भांड्यात पडल्यावर, माझ्यातला सर्व्हेअर जागा झाला.

मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे. ठोकलेली गाडी पाहायची आणि ठरवायचं की आधी काय झालं. बंपर या धडकेत फुटला की आधीचाच फुटका होता? आमच्या भाषेत याला प्रॉक्सिमेट कॉज, नुकसानीचं थेट कारण, म्हणतात, आणि फॉर्ममध्ये तो रकाना कोरा सोडून चालत नाही. बावीस वर्षं मी तो भरतोय. मग दादाचा का सोडायचा?

संशयित तीन होते. पहिला भावजीने आणून दिला: कोरोनाची लस. हा मी कॅलेंडर पाहूनच सोडून दिला. लसीने जीबीएस होतच नाही असं नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस चार कोटींवर लोकांना दिली, तेव्हा दर लाखामागे साधारण एक जादा रुग्ण दिसला आणि ती मोहीमच थांबली. पण असा धोका मोजायचा तो लसीनंतरच्या सहा आठवड्यांत. दादाची लस २०२१ची. तीन वर्षांपूर्वीच्या खड्ड्याने आज टायर फुटला म्हणणाऱ्याचा क्लेम मी पास करत नाही.

दुसरा संशयित चिकनगुनिया. दादाला १२ ऑगस्टला ताप चढला, सांधे असे धरले की गाडीचा क्लच दाबवेना. हॉस्पिटलात चिकनगुनियाचं आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची रक्तातली खूण, पॉझिटिव्ह आलं. त्या पावसाळ्यात नागपुरात घरटी एक जण लंगडत होता. उन्हाळ्यातले कूलर गच्चीवर तसेच, टाकीत पावसाचं पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. आमचाही तसाच होता. हे लिहायला मला वर्ष लागलं.

तिसरा संशयित आईचा. २५ ऑगस्टला दादा मित्राकडे सावजी चिकन जेवून आला आणि दुसऱ्या दिवशीपासून दोन दिवस जुलाब. "श्रावणात खाल्लं ना बाप्पा! मग होईन नाई तं काय?" आईचा मुद्दा धार्मिक होता, पण गंमत म्हणजे विज्ञान तिच्या बाजूने चिकनगुनियापेक्षा जास्त भक्कम उभं आहे. कच्च्या राहिलेल्या चिकनमधून, घाण पाण्यातून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. त्याच्या अंगावरच्या साखरेची ठेवण आपल्या नसांवरच्या एका रेणूशी इतकी मिळतीजुळती असते की त्याला मारायला बनलेल्या अँटिबॉडीज नसांवरही तुटून पडतात. चोराचा चेहरा आपल्या भावासारखा, आणि जमावाने भावालाच चोपलं. पण दादाला जुलाबावर आधीच अँटिबायोटिक दिलेलं होतं आणि शौचाचा नमुना कोणी तपासला नव्हता. अपघाताची जागा धुऊन पुसून झाल्यावर सर्व्हेअर पोचला तर तो काय पाहणार?

तरी पोचलो. दिवाळीनंतर दादा वॉकर धरून चालू लागला, तेव्हा मी वही घेऊन नंदनवनातली आमची गल्ली धरली. २६ घरं. १९ घरांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताप आणि सांधेदुखी. दादाच्या मित्राकडे जेवलेले चाळीसेक जण, त्यांतल्या सहांचं पोट बिघडलेलं. पाय गेले ते फक्त दादाचे. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "तू विम्याचा माणूस ना? पैसे भेटून राहिले का तापाचे?"

मोठ्या ऐटीत ती वही मॅडमना दाखवली. १९ घरं, मॅडम! त्यांनी नीट वाचली आणि विचारलं, "गल्लीत सगळ्यांनाच चिकनगुनिया होता, मग तुमच्या भावाला तो असणं हा पुरावा कसा?"

मी गप्प. मग त्यांनी फ्रेंच पॉलिनेशियाची गोष्ट सांगितली. प्रशांत महासागरातली बेटं, वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. २०१३-१४ मध्ये तिथे झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूची साथ आली आणि पाठोपाठ जीबीएसचे ४२ रुग्ण. ४२च्या ४२ जणांच्या रक्तात झिकाला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीज होत्या. मी असतो तर तिथेच सही ठोकून फाइल बंद केली असती. तिथल्या संशोधकांनी केली नाही. त्याच काळात ताप नसलेल्या, दुसऱ्याच आजारांनी हॉस्पिटलात आलेल्या ९८ जणांचं रक्त त्यांनी तपासलं: तेच वय, तीच बेटं. त्यांच्यातही ५६ टक्क्यांकडे त्या अँटिबॉडीज निघाल्या. म्हणजे साथ इतकी पसरली होती की निम्म्याहून जास्त निरोगी नसांची माणसंही पॉझिटिव्ह. पुरावा १०० टक्क्यांत नव्हता, १०० आणि ५६ यांच्यामधल्या फरकात होता. हा अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मी रात्री बसून तो वाचला, अर्धा डोक्यावरून गेला. झिका झालेल्या साधारण चार हजारांत एकाला जीबीएस, असा त्यांचा हिशेब. आणि विषाणूच्या बाबतीत 'मिळताजुळता चेहरा' तितका साफ सापडत नाही. नसांच्या साखरेविरुद्धच्या अँटिबॉडीज एक तृतीयांशाहून कमी रुग्णांत दिसल्या. चोप बसला हे नक्की, पण जमाव का भडकला ते अजून नीट उलगडलेलं नाही.

त्याच बेटांवर २०१४-१५ मध्ये चिकनगुनिया आला तेव्हाही जीबीएसचे ९ रुग्ण निघाले. आणि आपलंच म्हणाल तर २००६च्या साथीतल्या नागपूरच्या रुग्णांवरचा अभ्यास २००९ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'त छापून आलेला आहे; मेंदू, मज्जारज्जू, हातापायांच्या नसा, सगळ्यांचे त्रास त्यात आहेत. म्हणजे चिकनगुनिया हे करू शकतो. दादाला त्यानेच केलं का?

"तुमच्या भावाच्या फॉर्मवर मी दोन्ही लिहीन," मॅडम म्हणाल्या. "आधी चिकनगुनिया, नंतर जुलाब. त्यांच्यात कोण ते एका माणसावरून सांगता येत नाही."

माझ्या धंद्यात असा रिपोर्ट दिला तर कंपनी परत पाठवते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण धडाधड निघाले, पुढे एकूण आकडा दोनशेच्या घरात गेला. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, बोट पाण्याकडे गेलं. आठवडाभर आमच्याकडे फोनच फोन: दादा पुण्याला गेला होता का? आई मात्र विजयी. "पोटातूनच होते, सांगतलं होतं ना मी!" मी म्हटलं, आई, तिथे पाणी आहे, श्रावण नाही. ती म्हणाली, चिकन पाण्यातच शिजते ना.

दादाच्या उजव्या पावलाला अजून स्प्लिंट आहे. टायपाचे बारीक खिळे उचलायचं काम तर दुकानात केव्हाच राहिलं नाही, सगळं कॉम्प्युटरवर, हे या वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं. या मे महिन्यात मी कूलर चालवला, पण ८ जूनला पहिला पाऊस येताच टाकी पालथी घातली, आणि शेजारच्या चार गच्च्यांवरच्याही घातल्या. दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. आईने पूर्ण श्रावण घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात दुकानापुढे खुर्ची टाकून दादाला बसवलं. काळी मारबत चौकात आली तसा तो काठीवर भार देऊन उभा राहिला आणि ओरडला, "चिकनगुनिया घेऊन जा गे मारबत!" मग आईकडे तिरपं पाहून, त्याच श्वासात, "जुलाब घेऊन जा गे मारबत!"

"अन् चिकन?" आईने विचारलं.

"ते राहू दे."