वसईत पत्ता नको, वार विचारा

कोकणात जायचं ठरलं की आपली गाडी पनवेलहून दक्षिणेलाच वळते. अलिबाग, गुहागर, मालवण, फारच हौस असेल तर वेंगुर्ला. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या मधला किनाराही कोकणच आहे, हे बोरिवलीत राहणाऱ्या माझ्यासारखीलाही स्वतःला आठवण करून द्यावं लागतं. लोकलने अर्धा तासही लागत नाही, म्हणूनच बहुधा तिथे 'फिरायला' म्हणून कुणी जात नाही. गेलंच तर किल्ला बघायला. चिमाजी आप्पा, १७३९, भग्न चर्चसमोर दोन फोटो, आणि परतताना स्टेशनाजवळ पावभाजी.

मी जाते ती खायला आणि पिशव्या भरायला. वसईत चांगलं खाणं कुठे मिळतं हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कधी मिळतं, ते विचारावं. इथल्या चांगल्या वस्तूंना दुकानापेक्षा वार, वेळ आणि मोसम जास्त आहे. फोनवरचा नकाशा तुम्हाला बरोब्बर जागेवर नेऊन सोडतो आणि तिथे बंद दार असतं, कारण पाव चार वाजता निघतो आणि तुम्ही दोनला पोचलेले असता.

तर वार शुक्रवार. सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या विरार गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा उलट्या दिशेची गाडी रिकामी धावते. खिडकी मिळते, नायगावच्या आधी खाडी दिसते. वसई रोडला पश्चिमेला उतरून रिक्षाने पापडी. वाटेत पहिली काही मिनिटं कुठल्याही उपनगरासारखीच: टॉवर, क्लासेस, दातांचे दवाखाने, 'मालवणी तडका' लिहिलेल्या पाट्या. मग एकदम नारळ आणि केळी सुरू होतात, कौलारू घरं दिसतात, कुंपणाच्या कोपऱ्यावर क्रूस दिसतो.

त्या मालवणी पाट्यांबद्दल एकदा बोलून घेते. मालवणीशी माझं भांडण नाही. पण वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती कुपारी, कोळी, भंडारी, आगरी अशी इतकी स्वयंपाकघरं ज्या एका तालुक्यात आहेत, तिथे समुद्रावरच्या प्रत्येक हॉटेलात तीच लाल थाळी, तीच सोलकढी? वाडवळांची उकडहंडी, म्हणजे थंडीत कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा असलं सगळं एका मडक्यात शिजवलेली, हॉटेलात मला अजून दिसलेली नाही. ती घरात होते, आणि घरात बोलावणारं कुणीतरी असावं लागतं.

पापडीला कॅथेड्रल आहे, तलाव आहे, आणि शुक्रवारी आठवड्याचा बाजार. लवकर जावं, कारण दुपारी ऊन चढलं की चांगला माल संपलेला असतो. भाजी आहे, टोपल्या, विळे-कोयते आहेत, तयार कपड्यांचे ढीग आहेत. पण मी ज्यासाठी जाते ती सुक्या मासळीची रांग. वास आधी येतो, रांग नंतर दिसते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या, आणि एका बाजूला, जरा तोऱ्यात ठेवलेले सोडे. कोळणी अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या, वसई कोळीवाड्याच्या.

बोंबील कसा पारखायचा हे मला एका मावशींनी शिकवलं. मी किंमत विचारली तर त्यांनी एक बोंबील माझ्या हातात दिला.

"मोडून बघ, बाय. कटकन मोडला पाहिजे. वाकला तर ओला. आणि हाताला मीठ लागलं तर घेऊच नको, माझ्याकडनं पण नको."

बोंबील मिठाशिवाय वाळवतात. बांबूच्या वलांडीवर जोडी-जोडीने, तोंडात तोंड अडकवून टांगायचे आणि ऊन-वाऱ्यावर सोडायचे. मीठ लावलेल्या माशांची गोष्ट वेगळी. खारा मासा म्हणून ते उघड विकले जातात. सोड्यांचा भाव ऐकून पहिल्यांदा येणारा दचकतो. पण मोठी कोळंबी सोलून वाळवली की तिची राहते चिमूटभर, आणि सोलायला हात लागतात ते वेगळेच. मी भाव करत नाही. मावशींनी स्वतःहून मूठभर जवळा वर टाकला, तो मात्र घेतला.

एप्रिल-मेमध्ये हाच बाजार दुप्पट होतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हाची बेगमी आताच करायची असते. त्या गर्दीत कोपर चालवायची तयारी असेल तर खुशाल जा. मला जानेवारी बरा वाटतो, आणि त्याचं दुसरंही कारण आहे, ते पुढे येईल.

बाजारातून भाजी फार घेऊ नये, असं माझं मत. पुढे निर्मळ, वाघोलीकडे गेलात की रस्त्याकडेला वाडीतलीच भाजी मिळते. वाघोलीच्या शनिमंदिराशी शनिवारी गर्दी असते, तिथे बायका भाजी, फुलं, घरचे पदार्थ घेऊन बसतात. पण मुळात वसईची भाजी विकत घ्यायला वसईला यावंच लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायका पहाटेची गाडी पकडून पालेभाजीच्या, केळीच्या, फुलांच्या पाट्या मुंबईत नेतात. दादरला, पार्ल्याला, बोरिवलीला ज्या आजीकडून आपण मुळ्याची जुडी घेतो ती कदाचित रात्री वाडीत जुड्या बांधून, चार तास झोपून आलेली असते. मुंबईत हल्ली रविवारी कापडी तंबूखाली 'फार्मर्स मार्केट' भरतं, पालकाला कागदी वेष्टण असतं. चांगलं आहे. पण मालडब्यातून रोज उतरणारं फार्मर्स मार्केट आपल्या डोळ्यांसमोर कितीतरी वर्षं चालू आहे आणि आपण त्या आजीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो.

निर्मळच्या वाटेवर एका विहिरीजवळ लाल लुगडं नेसलेल्या एक आजी अळू धूत होत्या. पाणी कसं आहे विचारलं.

"आमचं गोडं आहे अजून. खालच्या आळीतलं मचूळ झालं." मग मान स्टेशनच्या दिशेने उडवली. "टँकर जातात ना तिकडं. पाणी काय जमिनीत नुसतं पडून असतं का?"

किनाऱ्याजवळच्या विहिरीतून फार उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. वसईतल्या प्रत्येक बागायतदाराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. या वाड्या अजून आहेत त्या आपसूक नाहीत. हरित वसई संरक्षण समितीने इथल्या हिरव्या पट्ट्यासाठी दीर्घ लढा दिला. त्याचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हाही गावं महापालिकेत घालायला मोठा विरोध झाला होता. आजींकडून अळू घेतलं. त्यांनी देठ वेगळे बांधून दिले आणि देठीची कृतीही सांगितली, मी न विचारता.

आता चार वाजता निघणारा पाव. ख्रिस्ती गावांतल्या बेकऱ्या बाहेरून काहीच सांगत नाहीत. एखाद्या बेकरीला पाटीसुद्धा नसते; भिंतीला लागून रचलेली लाकडं आणि दारात कापडी पिशव्या घेऊन उभी मुलं, एवढीच खूण. मी गेले ती बेकरी अशीच, एका गल्लीच्या टोकाला. आत अंधार, भट्टीच्या तोंडाशी तेवढा उजेड, आणि लांब दांड्याच्या फळीवरून तवेच्या तवे बाहेर येत होते. लादीपाव, कडक पाव, बटर, नानकटाई. कडक पाव इथे इंद्याळाबरोबर खातात. व्हिनेगर आणि मिरचीत मुरलेल्या त्या रश्शाला मऊ पाव पुरा पडत नाही, लगेच विरघळतो.

"गरम आहे तोवर पिशवीचं तोंड बांधू नका," गल्ल्यावरचे काका म्हणाले. "घाम येतो पावाला."

नाताळ उलटून काहीच दिवस झाले होते. नेवऱ्या, कलकल, दोदोल हे नाताळचे गोड पदार्थ संपले होते. बरणीच्या तळाशी थोडं पेरूचं चीज, म्हणजे पेरूच्या गराच्या वड्या होत्या, त्या मी उचलल्या. पूर्वी नाताळात घरोघरचे केकचे डबे याच भट्टीत भाजायला यायचे, डब्यावर खडूने नाव लिहून, असं काका सांगत होते. आता घरोघर ओव्हन आहेत.

भट्टीचा विषय निघाला तसा मुंबईचाही निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या सगळ्या खवय्यांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली. पण काकांना हळहळ नव्हती. "चव चव करता तुम्ही. बारा तास त्या तोंडाशी उभं राहून बघा." खोकणारा मुलगा आत होता, त्यामुळे मी पुढे बोलले नाही. तरी पाव घरी नेऊन खाल्ला आणि मनात आलंच की गॅसवरचा असा लागणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचं जुळत नाही.

संध्याकाळी आगाशी. वसईकडून गेलात तर वाटेत नाळा-सोपाऱ्याचा फाटा लागतो. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी खणून काढलेला स्तूप तिथे आहे, वेळ असेल तर बघा. माझं लक्ष तेव्हा भुजिंगकडे होतं. भुजिंग ही खास आगाशीची चीज. मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर भाजायचे आणि मग पोहे, बटाटा, कांदा यांच्याशी कालवायचे. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पोहे सगळा मसाला आणि धूर पिऊन घेतात आणि शेवटी कोंबडीपेक्षा पोह्यांवरच चमचे भिडतात. हे मूळचं ताडीबरोबरचं खाणं, त्यामुळे तिखट आहे आणि आपलं तिखटपण लपवत नाही. आता विरारपासून पुढे भुजिंगच्या पाट्या ढिगाने झाल्यात. पारख सोपी: समोर निखारे दिसले पाहिजेत. तव्यावर परतलेली कोंबडी पोह्यांत घालून भुजिंग म्हणून देणारेही आहेत, मी ते खाल्लंय आणि त्यात काही नाही. बसून खायला जागा असेलच असं नाही. बहुतेक लोक पार्सल नेतात.

आणि जानेवारीचं ते दुसरं कारण: सुकेळी. आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यात राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात घालतात. संध्याकाळी उचलून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची, असं आठवडाभर. साखर नाही, दुसरं काही नाही. केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होतं, मग ते केळीच्याच सोपटात घट्ट बांधतात. पावसाळ्यात सुकेळी होत नाहीत, ढग आले तरी काम थांबतं. राजेळीची बाग ठेवणारेही कमी होत चाललेत, कारण झाडाला वेळ लागतो आणि जागेला भाव आहे. त्यामुळे सुकेळी दुकानात शोधू नका. घर विचारत जावं लागतं. मला एका पडवीत मिळाली, भाव चांगलाच होता, आणि विकणाऱ्या काकूंनी आधी एक खायला देऊन मग भाव सांगितला, जे धंद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

विरारहून परत येताना बायकांच्या डब्यात बसले. मावशींनी बोंबील दुहेरी पिशवीत बांधून दिले होते, तरी नायगावपर्यंत सगळ्या डब्याला कळलं. कुणी नाकाला रुमाल लावला नाही. समोरचीने विचारलं, "सोडे पण घेतलेत का? कसे दिले?" मी भाव सांगितला. तिने तो शेजारणीला सांगितला. मग सोड्यांत वांगं घालायचं की शेवग्याच्या शेंगा, यावरून दोघींची जुंपली आणि तिसरीने बटाट्याचं नाव काढल्यावर दोघी मिळून तिच्यावर तुटून पडल्या. मीरा रोड कधी गेलं कळलं नाही. मी वांग्याच्या बाजूने होते.