९०० ग्रॅमवरून ७६८ ग्रॅम: बेळगावच्या माळासाठी ट्रेनर हलकं करताना

मागच्या नोंदीत ट्रेनर, म्हणजे रिमोटवर उडवायचं शिकाऊ विमान, ९०० ग्रॅमवर थांबलं होतं. वरचा पंख, लांबी १२०० मिमी, रुंदी सरसकट २०० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. मोटर २२१२, १००० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला फेरे). ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ३० अँपिअरचा. प्रॉप (पुढचा पंखा) १० बाय ४.५ इंच, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), थ्री-सेल २२०० एमएएच लिपो बॅटरी. बांधणीचा नकाशा आणि भाग जसेच्या तसे घेऊन बनवलेलं विमान इथे हातातून सुटलं की आधी खाली बसतं आणि मग कसंबसं सावरतं. थंडीच्या सकाळी चालून जातं. मार्च-एप्रिलच्या दुपारी गवतात नाक घालतं.

याचं कारण बनावटीत नाही, हवेत आहे. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ७५८ मीटरवर आहे आणि आसपासचा माळही थोड्याफार फरकाने तेवढाच. या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९२५ हेक्टोपास्कल. त्यात तापमान ३५ अंश असेल तर हवेची घनता घनमीटरला १.०५ किलोपर्यंत उतरते. नकाशातले आकडे गृहीत धरतात ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची हवा: १.२२५ किलो. म्हणजे जवळजवळ १५ टक्के हवा कमी.

पंखाचा कमाल लिफ्ट (उचल) गुणांक १.१ धरला तर ९०० ग्रॅमचं हे विमान समुद्रसपाटीला सेकंदाला ७.४ मीटर वेगाला स्टॉल होतं, म्हणजे त्याखाली पंख वजन पेलत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तोच आकडा ८ मीटर. फरक अर्ध्या मीटरचा दिसतो, पण हाताने फेकलेलं विमान साधारण ६ ते ७ मीटरनेच सुटतं. समोरून वारा असेल तर भागतं. वारा पडला की तो अर्धा मीटर भरून काढायला मोटरला वेळ लागतो, आणि मोटरच्या प्रॉपलाही तीच विरळ हवा मिळालेली असते.

इथे बहुतेक जण प्रॉप ११ इंची करून बघतात. करू नका. १००० केव्हीची ही मोटर थ्री-सेलवर त्या प्रॉपने तिच्या झेपेबाहेरचा करंट खेचते, आणि विरळ गरम हवेत ती थंडही कमी होते. उतरल्यावर मोटरवर बोट तीन सेकंद ठेवता आलं नाही तर तारांचं इनॅमल जळायच्या वाटेवर आहे असं समजा. योग्य वाट म्हणजे वजन काढणं. ९०० ला घनतेच्या प्रमाणात छाटलं की ७६८ येतं. तेवढ्या वजनावर दुपारी ३५ अंशांतही स्टॉलचा वेग पुन्हा ७.४ मीटरवर येतो.

पहिला मोठा हप्ता बॅटरीचा. २२०० एमएएचचा पॅक १८० ग्रॅमचा, १३०० चा ११५. सरळ ६५ ग्रॅम वाचले. पण बॅटरी नाकात बसते, त्यामुळे ती हलकी झाली की सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, मागे सरकतो, आणि मागे सीजी असलेलं ट्रेनर पहिल्याच वळणात हातातून जातं. जुनी बॅटरी सीजीच्या पुढे ११० मिमीवर होती: १८० गुणिले ११०, म्हणजे १९,८०० ग्रॅम-मिमी. तेवढाच तोल ११५ ग्रॅमने साधायचा तर ती १७२ मिमी पुढे हवी, आणि तिथे फायरवॉल, म्हणजे मोटर बसवायची नाकातली पाटी, आहे.

म्हणून आधी शेपूट. शेपूट सीजीच्या मागे ५६० मिमीवर आहे. तिथला एक ग्रॅम नाकातल्या पाच ग्रॅमला भारी पडतो. दोन्ही बाजूंना कागद असलेल्या पाच मिमी फोमबोर्डाचा एका बाजूचा कागद ओला करून सोलला आणि उघड्या बाजूला आडवी एक कामटी चिकटवली. पतंगवाल्यांकडची नको, ती फार पातळ असते. बांबूची गाठ टाळून चिरलेली, तीन मिमीची. बिजागरीची बाजू मात्र कागदाचीच ठेवा, तो कागदच बिजागरी आहे. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) मिळून १२ ग्रॅम गेले. ५६० च्या हाताने त्याचे ६,७२० ग्रॅम-मिमी होतात. आता बॅटरीला १३,०८० पुरतात, म्हणजे ११५ ग्रॅमचा पॅक ११४ मिमीवर, जवळजवळ जुन्याच जागी. हा हिशोब कागदावर केल्याशिवाय सुरी उचलू नये. नाहीतर शेवटी नाकात शिसं भरावं लागतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

चाकं आणि तीन मिमी तारेचा सांगाडा, ४५ ग्रॅम, पूर्ण काढला. काळ्या मातीच्या नांगरटीत ढेकळांवर छोटी चाकं काहीच उपयोगाची नाहीत. ती अडकून विमान पालथं होतं आणि पंखाचं बूड फाटतं. खाली कोरोप्लास्टची (आत पोकळ नाळ्या असलेल्या प्लास्टिक पत्र्याची) आठ ग्रॅमची घसरपट्टी लावली. नाळ्या विमानाच्या लांबीच्या दिशेने ठेवा, आडव्या ठेवल्या तर गवत अडकतं. चाकं सीजीच्या ४० मिमी पुढे होती, ती गेल्यावर बॅटरी आणखी १६ मिमी पुढे न्यावी लागली. १३० मिमीपर्यंत फायरवॉलच्या आत जागा आहे.

राहिलेले १८ ग्रॅम गोंदाचे. हे ऐकून लोकांना खोटं वाटतं. ग्लू गनची जाड कांडी, ११ मिमी व्यासाची, २०० मिमी लांब, साधारण १८ ग्रॅमचीच भरते. एक कांडी कमी वापरली, झालं. सांध्यावर गोंद ओतायचा नाही, एक रेघ ओढून जुन्या एटीएम कार्डाने पसरायचा. मोटरचा माउंट मात्र गरम गोंदावर कधीच नको. बंद गाडीत मागच्या काचेखाली दुपारी तो मऊ पडतो आणि थ्रॉटल दिला की मोटर खालचा कोन सोडून वर बघायला लागते. तिथे तीन मिमी प्लायवूड, इपॉक्सी आणि चार स्क्रू. कोन खाली २ ते ३ अंश, उजवीकडे २. साधा इन्स्टंट गोंद थर्माकोल जातीच्या फोमला खातो, हे नवीन माणसाने एका तुकड्यावर करूनच बघावं. पावसाळ्यात फेविकॉलचा सांधा दोन दिवस तरी ठेवा. फोमच्या मध्ये हवा पोचत नाही आणि खानापूरकडच्या दमट हवेत तो आतून ओलाच राहतो.

आताचा हिशोब: ६५ अधिक १२ अधिक ४५ वजा ८ अधिक १८, एकूण १३२ ग्रॅम कमी. वजन ७६८, पंखाचा भार चौरस डेसिमीटरला ३२ ग्रॅम. सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० मिमीवर, म्हणजे २५ टक्क्यांवर. सवय झाल्यावर ५५ पर्यंत मागे नेता येईल, त्याआधी नाही. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) वर-खाली १० मिमी, एलिव्हेटर १०, रडर २०, एक्स्पो (रिमोटच्या काडीचा मधोमध प्रतिसाद मऊ करणं) ३० टक्के. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर) लावायचा असेल तर विमान त्याच्याशिवाय सरळ उडायला लागल्यावर. चुकीचा सीजी जायरो लपवतो, दुरुस्त करत नाही.

छोट्या बॅटरीची किंमत वेळेत मोजावी लागते. १३०० चे ८० टक्के म्हणजे १०४० एमएएच. सरासरी ८ अँपिअर खेचला तर पावणेआठ मिनिटं. टायमर सहाला लावा. उतरल्यावर दर सेलला मोटर बंद असतानाचं व्होल्टेज ३.६ च्या खाली दिसलं तर टायमर पाचला आणा. घरी ठेवताना ३.८ व्होल्ट, आणि लिपो उन्हातल्या गाडीत अजिबात नको.

मैदानाबद्दल. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवू नका. ८ ते १२ किलोमीटरमध्ये मर्यादा २०० फूट, त्यापुढे हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४००. बेळगाव शहराचा बराच भाग यात अडकतो, कॅम्पातला लष्करी परिसर तर बाजूलाच ठेवा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या जवळपासही नको. त्या दिवशीचा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा बघूनच निघा, लाल आणि पिवळी क्षेत्रं बदलतात. चौकशी करून, मालकाला विचारून, सुगी झालेलं शिवार किंवा जांभ्याचा गवताळ माळ धरा. वेळ साडेसहा ते साडेआठ सकाळची. मार्चनंतर दहा वाजता माळावर वावटळी उठतात, आणि ७६८ ग्रॅमला ती सहज उचलून नेते. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा सतत जोरात. तो काळ बांधणीचा.

चिकोडी-निपाणी बाजूला खरा धोका उसाचा. उभ्या फडात विमान पडलं तर वरून काही दिसत नाही. पडताना नजर हलवायची नाही. ज्या रेषेत गेलं त्या रेषेवर बांधावरचं एखादं झाड धरायचं आणि फोनच्या होकायंत्रावर अंश वाचायचा. दुसऱ्या माणसाने पन्नास पावलं बाजूला उभं राहून तेच करायचं. दोन रेषा छेदतात तिथे जायचं, सरीच्या कडेने, सरी ओलांडून नाही. पात हात कापतं आणि उभं पीक मोडलं तर पुढच्या वेळी शिवारात पाय ठेवू देणार नाहीत. ट्रान्समीटर बंद केला की बहुतेक ईएससी थोड्या वेळाने मोटरमधून टिकटिक करतात, पण ही सोय घरी तपासून घ्या. त्याच वेळी फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल शून्यावर येतो का तेही बघा. प्रॉप काढून.

पडल्यावर प्रॉपचा शाफ्ट वाकला असेल तर तो हातोडीने सरळ करू नका. २२१२ चा शाफ्ट ३.१७ मिमीचा असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर कडक रॉड त्या मापाची घासून मिळते, लांबी मात्र जुन्या शाफ्टवरून घ्या आणि सर्कलिपची खाच विसरू नका. वाकलेला शाफ्ट थरथरतो, थरथरीने माउंटचे स्क्रू सैल होतात, आणि खालचा कोन पुन्हा जातो.

पुढचं काम पंखाचं. आतला कणा अजून दुहेरी फोमचा आहे. त्याजागी सहा मिमीची पोकळ कार्बन नळी घातली तर बुडाजवळची मोड थांबेल. वजन किती पडतं ते काट्यावर बघून पुढच्या नोंदीत.