पोफळीच्या वाडीतले ऊन

दिघीला फेरीबोटीतून उतरून रायगडच्या किनाऱ्यावरच्या दिवेआगरात शिरले की पूर्वी अंगाला गारवा जाणवत असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड आणि पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, इतक्या दाटीने उभ्या असत की भर दुपारीही खाली नुसते कवडसे पडत. मागच्या फेब्रुवारीत गेलो, तेव्हा त्याच वाड्यांमध्ये लख्ख ऊन होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानिशी धडकले आणि काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या.

मुक्कामाच्या घरच्या काकांनी मागची वाडी दाखवली. पोफळींची दाटी असे तेव्हा पाडेली, म्हणजे सुपारी उतरवणारा गडी, एका झाडावर चढला की शेंडा झुलवत शेजारचे झाड पकडी आणि जमिनीवर न उतरता ओळीच्या ओळ उतरवून टाकी. आता मधली झाडे नसल्याने त्याला प्रत्येक झाडावर नव्याने चढावे लागते. वेळही वाढला आणि मजुरीही. काकांनी एका उंच पोफळीच्या खोडावर हात ठेवला. नैऋत्येकडची बाजू करपून पिवळी पडली होती आणि तिला उभी चीर गेली होती. “वादळानं पाडली ती गेलीच हो, पण उरलीत त्यांना आता ऊन मारतंय,” ते म्हणाले. पोफळीच्या खोडाला दुपारनंतरचे तिरपे ऊन सोसत नाही. ते अडवणारे माडच पडल्यामुळे वाचलेली झाडेही एकेक करून जात आहेत. नव्या रोपांनाही सावली हवी, म्हणून काकांनी त्यांच्यामध्ये केळी लावल्या आहेत.

शासनाने आधी हेक्टरी ५० हजार रुपये मदत ठरवली. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यामुळे ओरड झाली आणि नंतर झाडानुसार दर आले: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. पडलेले झाड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नव्हती, असा काकांचा हिशेब आहे, आणि तो मला पटला. रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. त्या वर्षांच्या उत्पन्नाचा विचार कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

खरी धास्ती वेगळीच आहे. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. तो तापू लागल्यापासून चित्र बदलले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये या समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ या एका वर्षात पाच झाली, २०२० मध्ये निसर्ग आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले. ज्या झाडाला फळ धरायला सहा वर्षे हवीत, त्याला दोन वादळांमध्ये तेवढी उसंत मिळेलच, याची खात्री आता कोण देणार?

शेखाडी, आरावी करत किनाऱ्याच्या रस्त्याने श्रीवर्धनला गेलो. तिथल्या जीवना बंदरावरच्या तांडेलांचे, म्हणजे होड्यांच्या नाखव्यांचे, दुखणे मासेमारीच्या बुडणाऱ्या दिवसांचे आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते. त्यात २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळे, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, म्हणजे हंगामाची दोन्ही टोके कुरतडली गेली. इशारा आला की होडी अर्ध्या वाटेतून परत फिरवायची; डिझेल आणि बर्फाचा खर्च मात्र झालेलाच असतो.

परतताना दिवेआगरात मोकळ्या झालेल्या कित्येक वाड्यांत पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिलेल्या दिसल्या. खोलीचे पैसे पहिल्याच हंगामात सुरू होतात, पोफळीचे होत नाहीत. तेव्हा कोणाला दोष द्यावा असे वाटले नाही, आणि मीही तशाच एका खोलीत उतरलो होतो. काकांनी मात्र अर्ध्या वाडीत खोल्या बांधल्या आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा श्रीवर्धनी सुपारीच लावली आहे.