ओरखड्यांची पारख

नव्या वस्तूला ओरखडा पडू नये म्हणून जिवापाड जपणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. पण ओरखडे आधीच पाडून ठेवलेली नवी वस्तू, त्या ओरखड्यांचे वेगळे पैसे मोजून घरी आणणारी माणसे इलेक्ट्रिक गिटारच्या जगात भेटतात, आणि त्यांच्यापैकीच एक असल्यामुळे या प्रकाराची थट्टा करण्याचा मला फार तर अर्धा अधिकार आहे. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ साली अशा गिटारी ‘रेलिक’ या नावाने विकायला काढल्या, तेव्हा त्या जुन्या करण्याचे काम विन्स क्युनेटो नावाचा कारागीर कंपनीच्या बाहेर करत असे. २०२१ साली गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने गिटारी जुन्या भासवणारे कारागीर टॉम मर्फी यांच्या नावाने ‘मर्फी लॅब’च उघडली, आणि तिथे किंचित वापरलेल्यापासून पार झिजलेल्यापर्यंत जुनेपणाच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत.

अशी गिटार समोर आली की मी आधी लॅकरमधल्या, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत थरातल्या, तडा पाहतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षे सुकत जातो आणि ठिसूळ होतो. खालचे लाकूड मात्र हवेप्रमाणे फुगत आणि आकसत राहते, आणि ती हालचाल न झेपल्यामुळे वरच्या थराला केसासारख्या बारीक तडा जातात. घाईच्या कारागिराने ब्लेडने ओढलेल्या तडा सरळ, समांतर आणि सारख्याच खोलीच्या असतात. खऱ्या तडा मध्येच थांबतात, फुटतात, एकमेकींना मिळतात आणि पुष्कळदा एखाद्या स्क्रूच्या भोकापासून सुरू होतात. गिटार थंड करून एकदम ऊब दिली, तर तडा निदान त्याच कारणाने जातात ज्या कारणाने त्या काळाच्या ओघात गेल्या असत्या, आणि म्हणून मला ती रीत अधिक प्रामाणिक वाटते, जरी या धंद्यात प्रामाणिक हा शब्द वापरताना थोडे हसू येतेच.

झिजेचे गणित याहून कठीण असते. उंबरठा मधोमध झिजतो, कारण पाय तिथेच पडतो. तशी गिटारवरची प्रत्येक झीज कुणाच्या तरी शरीराच्या सवयीतून आलेली असावी लागते. वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो ती बॉडीची वरची कड, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल घासते ती मागची बाजू आणि ठेवता-उचलताना आपटणारे कोपरे या जागा ठरलेल्या आहेत. जिथे कुणाचाच हात पोहोचत नाही अशा ठिकाणी उघडे लाकूड दिसले, की कारागिराच्या हातात सँडपेपर होता आणि डोक्यात वाजवणारा माणूस नव्हता, हे कळून चुकते. रंग उडालेल्या जागेची कडही पाहावी. खऱ्या झिजेत लॅकर, मग रंग, मग त्याखालचा थर असे पातळ होत होत लाकूड उघडे पडते, आणि त्या लाकडात घाम व मळ मुरून करडेपणा आलेला असतो. सँडपेपरने घासलेल्या जागेत रंग एका रेषेवर संपतो आणि पलीकडे लाकूड ताज्या कापासारखे पांढरेफटक दिसते.

मेपलच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या लाकडी पट्टीवर, हीच परीक्षा लहान जागेत होते. बोटे जिथे पडतात तिथे लॅकर जाऊन काळपट डाग उमटतात, पण फ्रेटच्या, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांडीच्या, अगदी लगत तो बराचसा टिकतो, कारण बोट तिथपर्यंत घासतच नाही. झिजलेल्या फ्रेटबोर्डवर नव्या कोऱ्या फ्रेट दिसल्या तर त्याला दोष मानू नये, कारण भरपूर वाजवलेल्या जुन्या गिटारच्या फ्रेट कधी ना कधी बदललेल्याच असतात.

धातूच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. ॲसिडच्या वाफेत ठेवलेले सगळे स्क्रू एकसारखे गंजतात, तर प्रत्यक्षात तळहाताचा घाम पडतो त्या ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे, स्क्रू आधी खराब होतात आणि पिकगार्डच्या, म्हणजे रंग जपण्यासाठी बॉडीवर बसवलेल्या पातळ पत्र्याच्या, दूरच्या टोकाचा स्क्रू बराच काळ चमकत राहतो. रंगासाठी मात्र पिकगार्ड काढूनच पाहावे. त्याच्या सावलीत राहिलेला रंग बाहेरच्या रंगाहून गडद दिसला, तर कारागिराने कुणाला दिसणार नाही तिथेही कष्ट घेतले असे समजावे. मूळच्या गिटारीही साऱ्या एकाच वाटेने जुन्या होत नाहीत. साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने जाड पॉलिस्टर थर वापरायला सुरुवात केली. तो झिजत नाही, त्याचे टवके उडतात. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या नमुन्यावर मऊ, विरत गेलेली झीज दाखवणे हे वेषांतरातले चुकलेले पात्र आहे.

आयरिश गिटारवादक रोरी गॅलघर यांच्या १९६१ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवरचा रंग जवळजवळ सगळा गेलेला आहे, आणि तशी गिटार हवी म्हणून भरमसाट झिजवलेल्या गिटारी मागवणारे आजही कमी नाहीत. त्या एका विशिष्ट गिटारची प्रतिकृती असेल तर छायाचित्राशी ताडून न्याय करता येतो. अनामिक वाजवणाऱ्याची गिटार बनवायची असेल तर माझ्या मते हलकी झीजच अधिक अवघड आहे, कारण तिथे कारागिराला मोजके डाग योग्य जागी देऊन हात आवरावा लागतो.

एवढे पाहून झाले की मी डोळे मिटून नेक, म्हणजे गिटारची लांब मान, हातात घेतो. फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर केलेल्या असतील आणि मागची बाजू तळहाताला चिकटत नसेल, तर त्या कामाचे पैसे द्यायला माझी हरकत नसते. वरच्या डागांनी सूर बदलतो, यावर माझा विश्वास नाही. शेवटी पाना घेऊन ब्रिजचे स्क्रू थोडे फिरवून बघतो. गंज कितीही हुबेहूब असला तरी स्क्रू त्यामुळे जागच्या जागी जाम झाला असेल, तर तारांची उंची लावता येणार नाही आणि अशी गिटार मी घेत नाही.